बेचाळीस किलोमीटर आणि कर्जाचा एक अर्ज

मी राजूरहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून वणी तालुक्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखता. आजपर्यंत या कार्यक्रमात मी कर्जाचे हप्ते, सोयाबीनवरची अळी, शिलाई मशीन असल्या विषयांवर बोलले. आज धावण्यावर बोलणार आहे. तेही जर्मनीतल्या धावण्यावर. हसून घ्या, मग ऐका. आमच्या गटातल्या बायाही आधी हसल्याच होत्या.

झालं असं की, मागच्या जून महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. दिवस पेरणीचे. गटाकडे शिल्लक ७२ हजार आणि बियाण्या-खतासाठी तिघींचे अर्ज आलेले. त्यात एका मावशींनी चौथा अर्ज पुढे सरकवला, २५ हजारांचा. सचिव ताईंनी वही उघडली आणि विचारलं, "कारण काय लिहू?" मावशी म्हणाल्या, "लेकीले धावाले जायाचं हाय. जर्मनीले." क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "काहून बाई, कोन लागलं तिच्या मांगं?" आणि सगळ्या जणी हसायला लागल्या.

मावशी हसल्या नाहीत. त्यांची लेक नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. वय एकतीस, सहा वर्षांचा मुलगा. मुलगा आजीकडे राजूरलाच असतो. ही पोरगी चार वर्षांपासून धावते आणि तिचा नंबर बर्लिन शहराच्या मॅरेथॉनला लागला होता. बैठकीत मग बरीच बोलाचाली झाली. "पेरणी सोडून धावाले कर्ज?" असा एकीचा सवाल, तर "माह्या पोराले गाडी घ्यायले देल्लं तवा कोनी इचारलं नाई," असं दुसरीचं उत्तर. शेवटी ठरलं की आधी बियाण्याचे अर्ज मंजूर करायचे, आणि हे धावणं नेमकं काय प्रकरण आहे ते मॅडमनी, म्हणजे मी, समजून घेऊन सांगायचं. मी स्वतः एसटी पकडायला सोडून कधी धावलेली नाही. पण त्या पोरीशी फोनवर आणि ती घरी आली तेव्हा ओट्यावर बसून पुष्कळ बोलले. तेच तुम्हाला सांगते.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. वणीहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलात तर घुग्घूस मागे टाकून बरंच पुढे जावं लागेल, एवढं. हा १९५ मीटरचा शेपटा कशाला, असं मी विचारलं. १९०८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं तेव्हा राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या बैठकीपर्यंत जेवढं अंतर भरलं तेवढं धावले, आणि १९२१ साली तेच अंतर कायमचं ठरलं. राजाच्या सोयीसाठी सगळं जग अजून धावतंय म्हणायचं.

आता मुंबईत मॅरेथॉन होत नाही का? होते, दर वर्षी जानेवारीत. ही पोरगी तिथे एकदा धावलेली आहे. पण मुंबईत हवा दमट, आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर नेमका पाय थकल्यावर येतो. बर्लिनची शर्यत सप्टेंबरच्या शेवटी असते. तिथे तेव्हा शरद ऋतू, सकाळची हवा गार. रस्ता म्हणाल तर सपाट. सगळ्यात खालची जागा आणि सगळ्यात वरची जागा यांच्या उंचीत पंधरा मीटरच्या आसपास फरक. म्हणून जगातले वेगवान धावणारे तिथे विक्रम करायला जातात, आणि साधी माणसं आपला स्वतःचा वेळ सुधारायला. १९७४ साली पहिल्यांदा झाली तेव्हा तीनशेसुद्धा धावणारे नव्हते. २०२४ला पन्नासावी शर्यत झाली आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं धावली. बर्लिन शहर भिंत बांधून दोन भागांत तोडलेलं होतं ते तुम्ही ऐकलं असेल. १९९०च्या सप्टेंबरात, देश एक व्हायच्या तीन दिवस आधी, हीच शर्यत पहिल्यांदा दोन्ही भागांतून धावली गेली.

आणि आपल्यातली बाई तिथे गेली आहे, बरं का. क्रांती साळवी, मुंबईच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. १६ सप्टेंबर २०१८ला त्या बर्लिनला नऊवारी नेसून, काष्टा घालून धावल्या. ३ तास ५७ मिनिटं ७ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि साडीतल्या सगळ्यात वेगवान मॅरेथॉनचा गिनेस विक्रम केला. म्हणजे एक किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या जरासं वर, आणि असे बेचाळीस. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर केनियाचा एलियुड किपचोगे २ तास १ मिनिट ३९ सेकंदांत धावला आणि त्यानं पुरुषांचा जागतिक विक्रम केला. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: "नऊवारीले पिना कुठंकुठं लावल्या असतीन?" धावण्याबद्दल नंतर विचारलं.

बारामतीच्या लता करे यांच्याबद्दल तर बऱ्याच जणींना माहीत होतं. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारीत अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमाही आला, आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. पण एक सांगते. ती शर्यत काही किलोमीटरची होती. तिचं पाहून कुणी बेचाळीस किलोमीटर अनवाणी निघू नये.

आता मावशींचा खरा घोर. बैठक संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, येवढं धावून तिची पिशवी तं नाई सरकनार?" हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. शंभर वर्षं मोठमोठ्या शहाण्या पुरुषांनी हेच सांगितलं. १९२८ साली ऑलिम्पिकमध्ये बायांची ८०० मीटरची शर्यत झाली. काही जणी धापा टाकत बसल्या, तर बायांना हे झेपत नाही म्हणून ती शर्यतच काढून टाकली, ती १९६०ला परत आली. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनला कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी मॅरेथॉन धावत होती, तर एक अधिकारी मधेच येऊन तिच्या छातीवरचा नंबर ओढायला लागला. ती थांबली नाही. ऑलिम्पिकमध्ये बायांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. आणि इकडे आपल्याकडे बाया डोक्यावर मोळी घेऊन मैलोन्‌मैल चालत होत्या, तेव्हा त्यांच्या पिशवीची कुणाला काळजी वाटली नाही.

धावल्यानं गर्भाशय सरकत नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास होतो तो जास्त करून बाळंतपणात स्नायू सैल पडल्यानं, आणि बाळंतपणानंतर लवकर जड ओझी उचलल्यानं. पण ज्यांना हा त्रास आधीच आहे, किंवा शिंकताना-खोकताना लघवी निसटते, त्यांनी धावणं सुरू करण्याआधी डॉक्टरीण बाईंना दाखवावं. त्यावर व्यायाम आहेत, इलाज आहे. लाजून घरी बसण्यासारखं काही नाही. पाळीच्या दिवसांत धावू नये असंही नाही. अंग साथ देत असेल तर धावावं, नसेल तर त्या दिवशी सोडून द्यावं.

त्याहून मोठी गोष्ट रक्ताची. ती पोरगी नर्स असल्यामुळे तयारी सुरू करण्याआधी तिनं पहिलं काम केलं ते रक्त तपासण्याचं. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. तिचं १०.६ निघालं. कारण धावणाऱ्याच्या पायाला ताकद रक्तातूनच जाते. रक्त कमी असेल तर बाई किती का जिद्दीची असेना, लवकर दमते. तिनं तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, लिंबू पिळलेली पालेभाजी, तीळ, मोड आलेली मटकी असं खाल्लं, जेवणानंतर लगेच चहा पिणं बंद केलं, आणि १२च्या वर आल्यावरच अंतर वाढवलं. सरकारच्या मागच्या मोठ्या कुटुंब-आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आढळलं. हे ऐकून मी शिबिरात माझं तपासलं, तर ९.८. रोज तीन गावं फिरणारी मी! "मॅडम, तुमालेच कर्ज पायजे गोळ्यांचं," असं गटात मला ऐकून घ्यावं लागलं, आणि ते बरोबरच होतं.

तयारी किती दिवस? साधारण १६ ते २० आठवडे, तेही जिला आधीपासून दहा-बारा किलोमीटर धावता येतं तिला. आठवड्यातून चार दिवस धावायचं. त्यातला एक दिवस लांब धावण्याचा, तोही सावकाश, शेजारणीशी बोलता येईल इतक्या सावकाश. हे अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं: १२, १४, १६ असं करत तीसपर्यंत. पूर्ण बेचाळीस घरी कुणी धावत नाही. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यात लांब पल्ला मारायचा आणि मग कमी करत आणायचं, म्हणजे पाय ताजे राहतात. आराम हा तयारीचाच भाग आहे, हे त्या पोरीच्या सासरी कुणाला पटवता आलं नाही. धावून आली म्हणजे ताकद उरली आहे, मग भांडी घासायला काय होतं, असं.

सप्टेंबरची शर्यत म्हणजे तयारी मेच्या शेवटापासून. आपल्या विदर्भात मे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. ती पहाटे साडेचारला निघायची. पहाटे चारला उठणं आपल्याला नवं नाही. पण ते उठणं चुलीसाठी असतं, गुरांसाठी असतं, पाण्यासाठी असतं. स्वतःच्या नावावरचा एक तास काढायला तिला काय काय करावं लागलं त्याची यादी मोठी आहे. रात्रपाळ्या बदलून घेतल्या. कणीक रात्रीच मळून ठेवली. मुलगा आईकडे पाठवला, आणि त्याबद्दल लोकांचं ऐकून घेतलं. माझं मत विचाराल तर आपल्या बायांकडे ताकद पुष्कळ आहे. कमी पडतो तो हा तास.

पोळ्याला ती राजूरला आली. आदल्या दिवशी रविवार होता, तिला तीस किलोमीटर धावायचं होतं. आपला रस्ता कसा आहे, कोळशाचे ट्रक, काळा चिखल, वर झड लागलेली. भाऊ मोटरसायकलवर मागं, पाण्याची बाटली आणि केळी घेऊन. मावशी दारात. "लोक काय म्हनतीन?" लोक म्हणाले काय, तर चहाच्या टपरीवरचे दोघं-तिघं पहिल्या फेरीला हसले, दुसऱ्या फेरीला किती झाले म्हणून विचारायला लागले, आणि तिसऱ्या फेरीला एकानं ट्रकवाल्याला हात दाखवून थांबवलं. पावसामुळे तीसचे सव्वीसच झाले.

खाण्याचं थोडं सांगते. शरीरात धावण्यासाठी जी साखर साठवलेली असते ती तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यानंतर पाय शिसाचे होतात. धावणारे त्याला भिंत लागली म्हणतात. म्हणून धावता धावता दर पाऊण तासानं काहीतरी गोड पोटात टाकायचं. ती पोरगी राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर ठेवायची. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा जास्त आणि डाळी-पालेभाज्या, तिखट कमी, म्हणजे पोट ऐनवेळी दगा देत नाही. नवं काहीच खायचं नाही. नवे बूटही घालायचे नाहीत. शे-दीडशे किलोमीटर चाललेला जोड न्यायचा. छातीला घट्ट आधार देणारी, धावण्यासाठी मिळते ती ब्रा वापरायची, साधी काचते. जिथे जिथे कपडा घासतो, काख, मांड्या, ब्राचा पट्टा, तिथे व्हॅसलीन. हे मी मुद्दाम रेडिओवर बोलते आहे, कारण हे कुणी सांगत नाही आणि पोरी रक्त येईपर्यंत सोसतात.

पाण्याचं मात्र नीट ऐका. कमी पाणी वाईट तसंच भरमसाट साधं पाणीही वाईट. चार-पाच तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, ओकारी येते, फारच झालं तर जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यावं आणि मधूनमधून मीठ-साखरेचं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा. अंगणवाडी ताईंनी जुलाबासाठी शिकवलेलं तेच प्रमाण.

आता कागद. खरं सांगू, धावण्यापेक्षा तिची जास्त दमछाक इथे झाली.

बर्लिनला धावायचं तर आदल्या वर्षीच नाव नोंदवावं लागतं. मागणी जास्त, म्हणून सोडत निघते. हिचं नाव निघालं, आणि मग लक्षात आलं की पासपोर्टच नाही. दहावी-बारावीच्या आणि नर्सिंगच्या कागदांवर माहेरचं नाव. आधार कार्डावर सासरचं. जन्मदाखल्यावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अर्ज अडकला. आधी एक दुरुस्ती, मग दुसरी, मग पोलीस पडताळणीला हजर राहायचं तर पत्ता नागपूरचा की राजूरचा हा घोळ. जानेवारीत केलेला अर्ज एप्रिलमध्ये मार्गी लागला. तिचा सगळा धीर त्या तीन महिन्यांत संपत आला होता.

तर बायांनो, कुठे जायचं असो की नसो, हे करून ठेवा. तुमच्या लेकीच्या सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एक आहे का ते एकदा ओट्यावर मांडून बघा. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावानं पासपोर्ट निघतो आणि चालतो. साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. आपला यवतमाळ जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो. त्यासाठी कुणा दलालाला हजार-दोन हजार मोजायची गरज नाही.

पासपोर्ट म्हणजे आपल्या देशानं दिलेली ओळख, आणि व्हिसा म्हणजे त्या देशानं दिलेली आत येण्याची परवानगी. जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, शेंगेन म्हणतात त्याला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आलं तर उशीर झाला. फी ९० युरो. एका युरोला साधारण शंभर रुपयांच्या आत-बाहेर धरा. सोबत बँकेचा हिशेब, नोकरीचा दाखला, सुट्टीचं पत्र, राहण्याची सोय, शर्यतीत जागा मिळाल्याचं पत्र आणि किमान ३० हजार युरोंच्या उपचारांचा प्रवास विमा. तिथे विचारतात एवढंच: ही बाई परत येईल का? नोकरी, पगार, स्वतःच्या नावावरचं खातं, हे सगळं तिच्या बाजूनं बोललं. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर आणि खातं रिकामं अशा बाईला हेच उत्तर देणं जड जातं. मला त्या दिवशी पहिल्यांदा गटाच्या पासबुकाकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटलं.

खर्च? तिची वही मी पाहिली. विमान ६२ हजार, व्हिसा त्याच्या सेवाशुल्कासकट ११ हजार, शर्यतीची फी साडेसोळा हजार, चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीत पाच रात्रींचा तिचा वाटा २२ हजार, विमा दीड हजार, वर्षभरात बुटांचे दोन जोड १४ हजार, तिथलं खाणं आणि बस-रेल्वे १५ हजार, व्हिसासाठी आणि विमानासाठी मुंबईच्या वाऱ्या १२ हजार. एकूण १ लाख ५४ हजार. त्यातले १ लाख ३० हजार तिनं दोन वर्षं आरडी भरून जमवलेले. कमी पडत होते ते आईनं गटातून मागितले. हे मी बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा जिनं "कोन लागलं मांगं" म्हटलं होतं तीच म्हणाली, "दोन वर्षं आरडी भरली? मंग देऊन टाका." जुलैचे हप्ते जमा झाल्यावर २५ हजार मंजूर झाले, शेकडा दीड व्याजानं, पंधरा हप्ते. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र परत वाद झाला. "शिक्षण" लिहा म्हणाल्या काही जणी, म्हणजे वरून तपासणी आली तर प्रश्न नको. मावशींनी ऐकलं नाही. "धावण्यासाठी" असंच लिहिलं आहे.

प्रवासाला निघताना धावायचे बूट आणि कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. मोठी बॅग चुकून मागे राहिली तरी शर्यत चुकत नाही. मावशींनी साजूक तुपातले लाडू आणि पेढे बांधले होते, ते काढायला लावले. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. चिक्की, चिवडा, खजूर चालले. विमानात तास-दोन तासांनी उठून चालायचं, नाहीतर पाय सुजतात. शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी पोचलेलं बरं. त्यांचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे झोप फार बिघडत नाही. ती पहाटे तीनला टक्क जागी व्हायची एवढंच.

छातीवर लावायचा नंबर स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. तो मिळतो टेम्पलहोफ नावाच्या जुन्या विमानतळावर. १९४८-४९ साली बर्लिनच्या पश्चिम भागाचे सगळे रस्ते अडवले होते, तेव्हा महिनोन्‌महिने विमानांनी सामान आणून शहर जगवलं. बरीचशी विमानं तिथेच उतरायची, आणि त्या सामानात सगळ्यात जास्त काय होतं माहीत आहे? कोळसा. पोत्यांत भरून, विमानानं! तिनं फोनवर हे सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "म्हंजे आपल्यासारखंच गाव म्हनायचं."

२९ सप्टेंबर, रविवार. शर्यत तिथल्या सव्वानऊला सुटते, म्हणजे आपल्याकडे पाऊण वाजता. पण एवढी माणसं एकदम सोडता येत नाहीत, गटागटानं सोडतात. हिचा गट सुटला तेव्हा राजूरला दोन वाजून गेले होते. बुटाला बांधलेल्या चिपमुळे दर पाच किलोमीटरला ती कुठं पोचली ते मोबाइलवर दिसतं. माझ्या ओट्यावर नऊ बाया आणि एक मोबाइल. मुलगा आजीच्या मांडीवर.

आता सपाट रस्त्याची गंमत ऐका, हा धडा तिला तिथे मिळाला. चढ आला की आपण आपोआप सावकाश होतो, उतारावर पायाला दुसरी चाल मिळते. सपाट रस्त्यावर यातलं काहीच होत नाही. तेच स्नायू, तीच चाल, पाच तास. आणि आपल्या उकाड्यात तयार झालेल्या माणसाला तिथली गार हवा म्हणजे पंख फुटल्यासारखं वाटतं. पाच तासांत संपवायचं म्हणून तिनं किलोमीटरला सात मिनिटं ठरवली होती. पहिले दहा किलोमीटर ती साडेसहानं धावली. दमच लागेना म्हणे. बाजूला बँड वाजतायत, लोक नंबराखालचं नाव वाचून हाका मारतायत. अर्ध्यापर्यंत छान.

तीस किलोमीटरची खूण मोबाइलवर आली आणि पुढची येईना. दर पाच किलोमीटरला तिला पस्तीस-छत्तीस मिनिटं लागत होती. चाळीस झाली. पंचेचाळीस झाली. मावशी भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, मोबाइल बंद पडला असंल. अठ्ठेचाळीस मिनिटांनी पस्तीसची खूण उमटली. नंतर कळलं, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. ती रस्त्याच्या कडेला बसली, मिठाचं पाणी प्यायली, पोटऱ्या ताणल्या आणि चालायला लागली. चार किलोमीटर चालली, मग थोडं धावणं, थोडं चालणं. शर्यत पूर्ण करायला सव्वासहा तासांची मुभा असते, त्यामुळे तिला वेळ होता, आणि चाललेलं चालतं तिथे. बरेच लोक शेवटी चालतच असतात.

५ तास २६ मिनिटं. शेवटी तो मोठा ब्रांडेनबुर्ग दरवाजा लागतो, त्याच्या खालून गेलं की जरा पुढे शेवटची रेघ. ओट्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्या मावशींकडे बघत होत्या. मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि नातवाला म्हणाल्या, "चाल, गाई आल्या असतीन."

आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली होती. मेडल सगळ्या जणींच्या हातातून फिरलं, एकीनं वजन करून बघितलं. पायाच्या दोन अंगठ्यांची नखं काळी पडून गळली होती, ती नवी येतायत. पुन्हा जाणार का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुढच्या खेपेला पहिले दहा किलोमीटर सावकाश. तिच्यामागे आता राजूरच्या तीन पोरी पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारतात. त्यातल्या एकीच्या आधार कार्डावरची जन्मतारीख चुकली आहे, त्या दुरुस्तीसाठी मी येत्या सोमवारी तिला घेऊन वणीला जाते आहे. आणखी कुणाच्या लेकीचं असलं काम असेल तर सकाळी नऊच्या आत मला फोन करा, एकाच फेरीत उरकू.

मावशींचे सात हप्ते वेळेवर आले आहेत. आठ बाकी आहेत.